४४ हर्ट्झचा उंचवटा: एका सबवूफर मॉडेलचा तपास

ड्रायव्हर एकच, बॉक्स एकच, सॉफ्टवेअरही एकच. पण ग्राफ दोन आले आणि ते एकमेकांशी जुळेनात.

पुण्यातला माझा एक मित्र घरच्या हॉलसाठी सबवूफर, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा स्पीकर, करत होता. ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समध्ये बसवायचा स्पीकर, १२ इंची, दोन व्हॉइस कॉइलचा, प्रत्येक कॉइल २ ओमची. कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे त्याने विनआयएसडी या बॉक्सचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, ७० लिटरचा पोर्टेड (हवेला बाहेर वाट ठेवलेला) बॉक्स घेतला आणि ट्यूनिंग, म्हणजे त्या वाटेतली हवा ज्या वारंवारतेला घुमते ती, २६ हर्ट्झवर ठेवलं. कोणत्या हर्ट्झला किती आवाज येईल ती रेषा छान आली. वरून सपाट येत येत ती २५ हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल खाली उतरत होती. मग त्याने ड्रायव्हर टेबलावर ठेवून स्वतः मोजला. छापील आकड्यांवर विसंबायचं नाही ही त्याची सवय, आणि ती चांगलीच आहे. स्वतःचे आकडे त्याच बॉक्समध्ये घातले, तर ४४ हर्ट्झजवळ जवळपास ५ डेसिबलचा उंचवटा उभा राहिला.

४४ हर्ट्झ म्हणजे बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवरचा एफ. तिथे ५ डेसिबल जास्त असले, तर प्रत्येक गाण्यात तो एक सूर बाकीच्यांवर कुरघोडी करणार. बॉक्स लहान केला, मोठा केला, ट्यूनिंग खाली नेलं, तरी उंचवटा जागा बदलायचा, जायचा नाही. मित्राचा निष्कर्ष ठरला: मॅग्नेट कमजोर आहे, माल डुप्लिकेट आहे. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला ड्रायव्हर परत करायला तो निघाला होता. त्याआधी त्याने आकडे माझ्याकडे पाठवले. त्यात एफएस म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची नैसर्गिक वारंवारता. व्हीएएस म्हणजे कोनला (पुढेमागे हलणाऱ्या शंकूला) धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनइतकी ताठ असलेली हवा, लिटरमध्ये. क्यूएमएस, क्यूईएस आणि क्यूटीएस हे कोनची हालचाल अनुक्रमे यांत्रिक, विद्युत आणि दोन्ही मिळून किती आवरली जाते ते सांगतात; आकडा मोठा म्हणजे आवर कमी.

माहितीपत्रक: एफएस २६ हर्ट्झ, व्हीएएस ७५ लिटर, क्यूएमएस ६.०, क्यूईएस ०.४१, क्यूटीएस ०.३९.

मित्राचं मोजमाप: एफएस २७.५ हर्ट्झ, व्हीएएस ६७ लिटर, क्यूएमएस ६.१, क्यूईएस ०.८७, क्यूटीएस ०.७६.

आधी काय बाजूला काढलं

पहिली शंका नेहमी एसडीची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या क्षेत्रफळाची. १२ इंच हे फ्रेमचं माप. ते व्यास म्हणून धरलं तर क्षेत्रफळ ७३० चौरस सेंटिमीटर भरतं. प्रत्यक्षात कोन आणि त्याभोवतीच्या रबराची निम्मी रुंदी एवढंच मोजायचं. या ड्रायव्हरमध्ये तो व्यास २४.७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४८० चौरस सेंटिमीटर. व्हीएएस काढताना एसडीचा वर्ग होतो, म्हणून इथली चूक फुगून बाहेर पडते: ६७ लिटरच्या जागी १५५ लिटर दिसले असते. तसं झालं नव्हतं. एसडी बरोबर होता.

दुसरी शंका वजनाची. मित्राने कोनवर ६० ग्रॅम चिकणमाती लावून एफएस पुन्हा मोजला होता, तो २३.५ हर्ट्झ आला. त्यावरून हलत्या भागाचं वजन १६२ ग्रॅम निघतं, आणि माहितीपत्रकातही १६२च आहे. म्हणजे कोन, कॉइल, स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचीक चकती) हे सगळं मूळचंच. नकली ड्रायव्हरमध्ये वजन इतकं तंतोतंत जुळणं मला पटेना.

तिसरी गोष्ट नव्या ड्रायव्हरच्या ताठपणाची. एफएस २६च्या जागी २७.५ आणि व्हीएएस ७५च्या जागी ६७ हे पाहून बरेच जण घाबरतात. सस्पेन्शन अजून सैल झालेलं नसलं की एफएस वर जातो आणि व्हीएएस खाली येतो, पण दोन्ही मिळून हलतात. एफएसचा वर्ग गुणिले व्हीएएस करून पाहा: २६ आणि ७५ घेतले तर सुमारे ५०,७००, २७.५ आणि ६७ घेतले तरी तेवढेच. या गुणाकारात सस्पेन्शनचा ताठपणा कटून जातो. उरतात फक्त कोनचं क्षेत्रफळ आणि वजन. नव्या ड्रायव्हरला तासन् तास वाजवून ‘मोकळं’ केल्याशिवाय मापच घ्यायचं नाही असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. मला तो आग्रह गैरलागू वाटतो. मोकळा होण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे दिसले तरी दोन्ही संच बॉक्समध्ये घातल्यावर रेषा जवळपास एकच येते.

मित्राने हॉर्नरेस्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही मॉडेल करून पाहिलं होतं आणि तिथेही तोच उंचवटा आला होता. ‘दोन सॉफ्टवेअर एकच सांगतायत’ हा त्याचा मोठा आधार होता. पण दोघांनाही खाऊ घातलेले आकडे तेच असतील तर दोघांचं एकमत होणारच. त्यातून आकड्यांची खात्री पटत नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो: हॉर्नरेस्प कोनचं वजन हवेच्या भाराशिवाय मागतं. १६२ ग्रॅममध्ये कोनला चिकटून हलणारी १० ते १२ ग्रॅम हवा धरलेली आहे. तोच आकडा तिथे जसाच्या तसा भरला तर एफएस साधारण १ हर्ट्झने खाली सरकतो. इथे त्याचा फारसा परिणाम नव्हता.

नेमका निम्मा

आता उरला क्यूईएस. ०.४१ विरुद्ध ०.८७, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. ‘थोडा जास्त’ने मला अडवलं, कारण बिघाड सहसा पूर्णांकात येत नाही आणि जोडणीतली चूक बहुधा पूर्णांकातच येते. म्हणून आधी ताठपणाचा परिणाम काढून टाकला. एफएसला क्यूईएसने भागलं की जो आकडा येतो त्यात सस्पेन्शनचा काही संबंध उरत नाही. राहतात मोटरची (मॅग्नेट आणि कॉइल यांच्या जोडीची) ताकद, कॉइलचा रोध आणि हलतं वजन. माहितीपत्रकावरून २६ भागिले ०.४१३ म्हणजे ६३. मित्राच्या मोजमापावरून २७.५ भागिले ०.८७३ म्हणजे ३१.५.

नेमका निम्मा.

हाच आकडा बॉक्स निवडायलाही वापरतात. ५०च्या खाली असेल तर बंद बॉक्स, १००च्या आसपास असेल तर पोर्टेड, मधे असेल तर दोन्ही चालतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. ६३ असताना पोर्टेड बॉक्स शोभतो. ३१.५ असलेल्या ड्रायव्हरला पोर्ट दिला की उंचवटा ठरलेलाच. सॉफ्टवेअर दिलेल्या आकड्यांचं उत्तर अगदी बरोबर देत होतं.

मग निम्मं झालं काय? वजन जुळतंय, तेव्हा ते नाही. राहिला बीएलचा वर्ग भागिले आरई. बीएल म्हणजे मोटरची ताकद, आरई म्हणजे कॉइलचा रोध. मित्राचं म्हणणं होतं की मॅग्नेट कमजोर असेल तर हेच होईल, आणि तेवढ्यापुरतं ते खरं आहे. पण त्याने पाठवलेल्या फाइलीतच त्याचं उत्तर होतं. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती जोरात आवाज येतो ती, २.८३ व्होल्टला १ मीटरवर ९०.६ डेसिबल असं सॉफ्टवेअर दाखवत होतं, माहितीपत्रकात ९०.५. हे जुळलं म्हणून त्याने पुढे पाहिलं नाही. त्याच पानावर १ वॅटची संवेदनशीलता मात्र ८४ डेसिबल होती, आणि माहितीपत्रकाच्या आकड्यांवरून ती ८७ यायला हवी.

या दोन आकड्यांनी सगळं सांगितलं. मॅग्नेट कमजोर असतं आणि कॉइलचा रोध तोच असता, तर २.८३ व्होल्टची संवेदनशीलतासुद्धा ३ डेसिबलने पडायला हवी होती. ती पडली नाही. १ वॅटला ३ डेसिबलचा तोटा आणि २.८३ व्होल्टला काहीच नाही, हे एकाच परिस्थितीत होतं: ताकदही निम्मी आणि रोधही निम्मा.

मी त्याला फोनवर एवढंच विचारलं, “आरई किती आला?” त्याने पाठवलेल्या यादीत तो एकच आकडा नव्हता. तो म्हणाला, “१.७५.” माहितीपत्रकात ३.५ ओम होता, दोन्ही कॉइल सिरीजमध्ये धरून. “अरे, मग क्लिपा एकाच कॉइलला लावल्या होत्यास ना?” तो थोडा वेळ गप्प होता. टेबलावर ड्रायव्हर ठेवताना दोन कॉइलना जोडणारी तार, म्हणजे जम्पर, लावलेलाच नव्हता.

दोन कॉइल एकाच नळीवर गुंडाळलेल्या असतात आणि एकाच चुंबकीय फटीत हलतात. एक कॉइल मोकळी सोडली की तिच्यातून प्रवाह जात नाही. ती नुसती वजन म्हणून सोबत फिरते. मोटर म्हणून तिचा उपयोग नाही आणि ब्रेक म्हणूनही नाही. दोन्ही सिरीजमध्ये असताना बीएल १५ आणि रोध ३.५, एकटी असताना ७.५ आणि १.७५. बीएलचा वर्ग होतो म्हणून तो चौपटीने घटतो, रोध दुपटीने, आणि हिशेबाअंती उरतं निम्मं. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा की पॅरलल, क्यूईएस तोच राहतो. बदलतो तो एक कॉइल रिकामी राहिली तरच. विनआयएसडीत कॉइल किती आणि जोडणी कोणती हे सांगायची सोय आहे, पण मोजमाप करताना जोडणी कोणती होती हे सॉफ्टवेअरला कळायचा काही मार्ग नाही. ते माणसानेच लिहून ठेवायला हवं.

जम्पर लावून त्याने रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरवर पुन्हा इम्पीडन्सचं, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणाऱ्या रोधाचं, माप घेतलं. आधी शिखर १४ ओमचं होतं, आता ५२ ओमच्या वर गेलं. क्यूईएस ०.४४, क्यूटीएस ०.४१. हे आकडे त्याच ७० लिटरमध्ये, २६ हर्ट्झवर घातले आणि उंचवटा गेला. ३६ हर्ट्झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत सपाट, २५ हर्ट्झला ३ डेसिबल खाली. माहितीपत्रकाच्या ग्राफवर ठेवला तर वेगळा ओळखू येणार नाही.

हे आकडे एकमेकांना असे बांधलेले आहेत म्हणूनच मॉडेल करणं शक्य होतं, आणि चूक शोधणंही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी पोर्टेड बॉक्सचं हे गणित १९६१ साली मांडलं. जगाचं लक्ष तिकडे गेलं ते १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ते पुन्हा छापलं गेल्यावर. पुढच्याच वर्षापासून रिचर्ड स्मॉल यांचे लेख तिथे येऊ लागले आणि ड्रायव्हर मोजायची, सांगायची एक भाषा ठरली. त्याआधी बॉक्स बनवणं म्हणजे बरंचसं करून पाहणं होतं. दोघांचं ऋण मला फार मोठं वाटतं. १२ इंची वूफरचा स्वभाव पाच-सहा आकड्यांत मावतो, आणि त्यातला एक बिघडला तर बाकीचे त्याची चुगली करतात, ही सोय आपल्याला सहज मिळालेली आहे.

बॉक्स झाल्यावर

सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा बॉक्स करून घेतला. आतून ३५ बाय ५० बाय ५२ सेंटिमीटर, म्हणजे ९१ लिटर. सॉफ्टवेअरला सांगायचे ते ७० लिटर. बाकीचे पोर्टमधली हवा (११), पोर्टची फळी (५), ड्रायव्हरचा मागचा भाग आणि आधाराच्या पट्ट्या (मिळून ५) यांत गेले. ही वजाबाकी न करता बाहेरच्या मापावरून लिटर काढणारे बॉक्स मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांची तक्रारही हमखास ‘मॉडेल चुकलं’ अशीच असते.

पोर्ट सपाट फटीचा, ३५ बाय ४ सेंटिमीटर, ७९ सेंटिमीटर लांब, तळावरून जाऊन मागच्या भिंतीला वर वळलेला. ३०० वॅटला त्यातल्या हवेचा वेग सेकंदाला १९ मीटरच्या घरात जातो. १७च्या आत ठेवा असं सांगतात. पण घरात ३०० वॅट सलग २६ हर्ट्झवर कोणी वाजवत नाही, म्हणून तेवढ्यावर आम्ही थांबलो. त्याहून मोठा पोर्ट घेतला असता तर तो आणखी लांब झाला असता आणि बॉक्समध्ये मावला नसता.

बॉक्स बंद करून इम्पीडन्स मोजला. पोर्टेड बॉक्सच्या रेषेत दोन शिखरं येतात आणि मधल्या दरीचा तळ म्हणजे खरं ट्यूनिंग. तो २६ला हवा होता, आला २४ला.

इथे कुणाचं मोजमाप चुकलेलं नव्हतं. पोर्टच्या तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा पोर्टचाच भाग असल्यासारखी हलते. त्यासाठी सॉफ्टवेअर लांबीत भर धरतं. विनआयएसडीत ती व्यासाच्या ०.७३२ पट असते. मोकळ्यात उभ्या असलेल्या गोल पाइपाला हे ठीक बसतं. फटीचा पोर्ट मात्र बॉक्सच्याच भिंतींना चिकटून जातो, आतल्या तोंडाशी भिंती पुढेही चालू राहतात आणि हवेला लगेच मोकळं व्हायला जागा मिळत नाही. त्यामुळे तो कागदावरच्यापेक्षा लांब वागतो. २४ हर्ट्झवरून उलट हिशेब केला तर सुमारे १५ सेंटिमीटरची जास्तीची लांबी निघते.

कापायचा का? मित्राचा कल कापण्याकडे होता. मी २४ हर्ट्झचं ट्यूनिंग सॉफ्टवेअरला देऊन पाहिलं. ३ डेसिबलचा बिंदू तिथेच राहिला, फक्त ३० ते ३६ हर्ट्झच्या पट्ट्यात रेषा सुमारे १ डेसिबलने खाली बसली. तेवढ्यासाठी चिकटवलेला बॉक्स उघडणं मला योग्य वाटलं नाही. सिमेंट-विटांच्या बंद खोलीत खालच्या पट्ट्याला खोलीच त्याहून जास्त उचल देते.

पुन्हा तोच उंचवटा

हॉलमध्ये सोफ्याजवळ माइक लावला आणि ४३ हर्ट्झजवळ उंचवटा दिसला. मित्राने लगेच फोन केला: “बघ, पहिलंच मॉडेल खरं होतं. ड्रायव्हर तसाच आहे.”

या प्रकरणातली सर्वांत फसवी जागा हीच. जवळपास तोच आकडा, जवळपास तोच आकार, आणि पहिल्या मॉडेलशी काडीचाही संबंध नाही. हॉल १३ फूट लांबीचा, म्हणजे ३.९६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लहर नेमकी मावते ती वारंवारता म्हणजे ३४३ भागिले ७.९२, सुमारे ४३ हर्ट्झ. सबवूफर एका भिंतीला लागून, सोफा समोरच्या भिंतीला लागून. ही लहर दोन्ही टोकांना सर्वांत जोरात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असते.

म्हणून तपासणी सोपी होती. माइक उचलून हॉलच्या मध्यावर ठेवला. उंचवट्याच्या जागी खड्डा पडला. मग माइक कोनच्या अगदी जवळ आणि पोर्टच्या तोंडाशी धरून मापं घेतली. तिथे खोलीचा प्रभाव नगण्य असतो. ती मापं मॉडेलच्या रेषेशी जुळली. ड्रायव्हरमध्ये दोष असता तर तो या मापांतही दिसला असता.

४३ हर्ट्झला अरुंद पट्ट्याचा ५ डेसिबलचा कट ईक्वलायझरमध्ये दिला. मला त्यापेक्षा सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे आणणं पसंत होतं. घरात ते मान्य झालं नाही.

शेवटचं काम फिल्टरचं. पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनला मागून हवेचा आधार राहत नाही. या ड्रायव्हरची एका बाजूची हालचाल १२ मिलिमीटरपर्यंत सुरक्षित आहे. ३०० वॅटला ३६ हर्ट्झजवळ ती १० ते ११ मिलिमीटर भरते, म्हणजे ठीक. पण फिल्टर नसेल तर १८ हर्ट्झला २६च्या ट्यूनिंगवर ती २२ मिलिमीटरवर जाते. चित्रपटांच्या ध्वनिपट्टीत तिथे भरपूर मजकूर असतो. ट्यूनिंग २४ला आल्याने ही हालचाल थोडी कमी झाली, तरी २० हर्ट्झचा हायपास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लावल्याशिवाय मी अँप्लिफायर जोडू दिला नाही.

ड्रायव्हर परत गेला नाही. त्याच दुकानातून आणलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरचा बॉक्स आता सुताराकडे आहे, पोर्ट ६४ सेंटिमीटरचा. विनआयएसडीतल्या त्याच्या फाइलीच्या नावात मित्राने स्वतःहून ‘सिरीज, आरई ३.५’ असं जोडलंय.